चार ओळींची मूर्ती

लुकल्ला कुंभाराला दोन गोष्टींचा भारी अभिमान होता: पायाने फिरणाऱ्या आपल्या चाकाचा आणि आपल्या उंचीचा. चाक त्याने स्वतः शोधलं होतं, उंची आयतीच मिळाली होती. पण मिरवताना तो असला फरक करत नसे.

यंदा नववर्षाच्या सणाला त्याने इनान्नेच्या मंदिरात आपली दगडी मूर्ती ठेवायचं ठरवलं. उरुक शहरात ज्याला कामातून सवड नाही तो हेच करतो. आपण चाकावर बसायचं आणि मूर्तीने हात जोडून, मोठाले डोळे उघडे ठेवून देवीपुढे उभं राहायचं. कोण उभं आहे हे देवीला कळावं म्हणून वस्त्रावर मजकूर असतो. दूदू पाथरवटाने कमरेपासून खाली चार ओळी कोरल्या होत्या. पहिली रिवाजाची: ‘इनान्नेस, पत्नी निनहेदूच्या आयुष्यासाठी.’ मग ‘अर्पण करणारा लुकल्ला’, ‘पायचाकाचा जनक’ आणि ‘उरुकचा पहिला कुंभार’.

सणाच्या सकाळी पुजारी उरलम्माने मजकूर देवीला वाचून दाखवला आणि मग बोरूची काठी लावून मूर्ती मोजली.

"देवीपेक्षा चार बोटं उंच आहे. चालायचं नाही."

"मी आहेच उंच, त्याला मी काय करू?"

"तू घरी उंच राहा. इथे कापावी लागेल."

"डोक्याकडून नको," लुकल्ला घाईने म्हणाला. "त्यात चाक सुचलंय."

सोबत आलेल्या दूदूने पायांकडून कापली. पावलं गेली आणि त्यांच्यासोबत ‘पहिला कुंभार’ही गेला. आता मूर्ती उभी राहीना.

"त्यात काय एवढं!" म्हणत लुकल्ला घरी धावला आणि खास आपल्या चाकावर घडवलेली, भाजून पक्की झालेली बैठक घेऊन आला. बैठक देखणी होती, पण पाच बोटं उंच होती. पुजाऱ्याने पुन्हा काठी काढली. या खेपेला ‘पायचाकाचा जनक’ गेला.

"दूदू, अरे, तिरकी कापलीस!" लुकल्ला ओरडला.

"मग मूर्ती धरून तुम्ही हलत का होता? सरळ करतो, थांबा."

सरळ करता करता ‘अर्पण करणारा लुकल्ला’ भुकटी होऊन जमिनीवर पडला.

"नाव परत कोर," लुकल्ला रडकुंडीला आला.

"देवीला वाचून दाखवल्यावर अक्षर वाढवता येत नाही," उरलम्मा म्हणाला. "जे उरलं ते उरलं."

मूर्ती इतरांच्या मूर्तींच्या रांगेत बसली. अंगावर एकच ओळ होती, तीही बायकोच्या नावाची. लुकल्लाला वाटलं, आता देवी जन्मभर आपल्याला ओळखायची नाही. इतकं वाईट त्याला पहिलं चाक फुटलं तेव्हाही वाटलं नव्हतं.

दुपारी निनहेदू खजूर वाहायला आली. मागोमाग शेजारणी आल्या. त्यातल्या एकीने वाकून ओळ वाचली.

"अगं, निनहेदू, तुझं नाव आहे की! आणि हा बुटका कोण?"

लुकल्ला खांबाआड सरकला.

निनहेदूने मूर्तीकडे पाहिलं, खाली बैठकीकडे पाहिलं. मग पदर सावरून, अख्ख्या मंदिराला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "आमचे हे."

लुकल्ला खांबाआडून बाहेर आला आणि होता त्याहून जरा उंच होऊन तिच्या शेजारी उभा राहिला.