चार हात जोत्याचा निवाडा

श्री समुद्रास दंडवत, जो न बोलावितां येतो आणि निरोप न घेतां जातो. राज्याभिषेक शके एकवीस, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी. ते समयी महाराजांनी समुद्रालगत सखल खाजणात नवी पेठ वसवावी ऐसे मनी धरिले आणि घरांची जोती किती उंच बांधावी हे पुसावयास रायाजी भाटकर यास हुजूर आणविले. रायाजी तीस वर्षे किल्ल्याचे पायरीवर भरतीच्या खुणा कोरणारा आणि उत्तरेचे व्यापाऱ्यांकडोन डोंगरीचा बर्फ किती मागे सरला ही खबर घेणारा. त्याची लेक याच पेठेत नांदावयाची, म्हणोन त्याचा जीव तेथेच अडकला होता. त्याने मुजरा करोन अर्ज केला, "महाराज, शंभर वर्षांत समुद्र निदान एक हात चढेल, त्यास शंका नाही. बर्फाचे मोठे कडे ढासळले तर चार हात. ते छातीठोक सांगवत नाही, परंतु नाकारवतही नाही."

तों दिवाण साबाजीपंत हसोन बोलिले, "काठोकाठ सरबतात बर्फ तरंगतो, विरघळतो, थेंब सांडत नाही. मग समुद्र कैसा चढेल?" दरबार खदखदला, परंतु रायाजी बधला नाही. त्याने काठोकाठ भरला पेला मागविला आणि वर गाळणी ठेवोन तीत बर्फाचा खडा ठेविला आणि म्हणाला, "पंत, आपला बर्फ पाण्यातलाच. हा डोंगरावरचा." मग दोन घटकांत पेला वाहोन पंतांचा अंगरखा भिजला. तेव्हां पंत म्हणाले, "बरे, एक आणि चार यांचे मधले अडीच हात धरू, दोन्ही अजमासांचे राहील." त्यावरी महाराज बोलिले, "आमचे वडिलांची शिस्त आहे, जो अजमास सांगेल त्याचे कुटुंब त्याच जोत्यावर राहील. पंत, तुमचे नातवांस अडीच हातांचे घर दिले." पंत पागोटे सावरीत म्हणाले, "सहा हात करावे, महाराज."

रायाजी म्हणाला, "सहा कशास? चार पुरेत. माझे लेकीस चारावरच घर द्यावे." महाराजांनी पुसिले, "आणि पाणी एकच हात चढले तर?" रायाजी म्हणाला, "तर तिचे नातवांनी कोरड्या पडवीत बसोन मला खुशाल शिव्या द्याव्या. मला आनंदच आहे."

येणेप्रमाणे चार हातांचा हुकूम जाहला आणि पेठ वसली. सारांश इतकाच की, रायाजीस शिव्या मिळाव्या म्हणोन सारे राज्य देव पाण्यात घालोन बसले.