ढोले सरांची थोरली-धाकटी

आमच्या शेजारचे ढोले सर रोज सकाळी कुंडीतल्या गवताला मिठाचं पाणी घालत. घालण्याआधी बोट बुडवून चाखत आणि तोंड वाकडं करून मान डोलावत. पुसदला समुद्र नाही हे त्यांना ठाऊक होतं. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे ते.

कुंड्या दोन, गवतं दोन. त्यांची नावं थोरली आणि धाकटी. दोघी सख्ख्या बहिणी म्हणे, कोकणातल्या खाडीवरून आणलेल्या. थोरली खाऱ्या पाण्यात वाढलेली, धाकटी गोड्या पाण्यावरही नांदणारी. मला दोन्ही सारखीच दिसायची. तसं म्हटलं की सर खिशातून भिंग काढणार, "सारखं दिसते म्हून सारखं नसते," म्हणणार आणि दाणा माझ्या नाकाशी धरणार. धाकटीच्या दाण्याला बारीक लव, थोरलीचा गुळगुळीत. तोवर माझा चहा थंडगार.

ते दिवस कापसाचे वाईट होते. अळीनं बोंडं पोखरलेली, चौकात दुसरा विषय नाही. कोणी विचारलं, "सर, अळीले काय फवारावं?" तर थोडा वेळ अळीवर बोलून सर हळूच थोरलीवर येत. तिचं मीठ त्यांनी चिमूटचिमूट कमी करत आणलं होतं. "आता नावालेच मीठ हाये," हे ते पोरगं पास झाल्यासारखं सांगत. लोक रस्ता बदलू लागले.

घरात सर एकटेच. वहिनी रत्नागिरीकडच्या. लग्न होऊन इथं आल्या, आमचा उन्हाळा सोसेना, माहेरी गेल्या त्या गेल्याच. त्याबद्दल सर चकार शब्द काढत नसत. एरवी गप्प बसतील तर शपथ.

एकदा सर पेपर तपासायला यवतमाळला गेले आणि कुंड्या माझ्या आईवर सोपवून गेले. आईचा जन्म कपाशी निंदण्यात गेलेला. तिला कुंडीत गवत दिसलं. तिनं ते मुळासकट उपटलं, माती मोकळी केली आणि सांगितल्याप्रमाणे पाणी घातलं. शेजारधर्म म्हणून.

सर परत आले. ओट्यावरची वाळकी जुडी उचलून खाली बसले. त्यांचे डोळे भरून आले तशी आई घाबरली.

"गवतच होतं ना, सर? कायले जिवाले लावून घेता?"

"थोरली बिनमिठाची जगून राह्यली होती, काकू. समुद्राकाठचा जीव आपल्या पुसदात जगते, हे एकदा पक्कं झालं असतं, तं रत्नागिरीले फोन केला असता. तिले ये म्हटलं असतं."

आई त्यांच्याशेजारी टेकली. "मंग बाईले इचारलं का कधी, येतं का म्हून?"

"नाही."

"गवताले इचारत बसले अन् बाईले नाही? काहून?"

सर जुडीची माती झाडू लागले.

"अन् इचारल्यावर ती नाही म्हनली तं, काकू?"