काकीसारखं लिही

"मुडद्यांनो, आज वांगं हाय."

आमच्या खानावळीचा मेनू रोज सकाळी ग्रुपवर असा येतो. दुसरं वाक्य असतं, "ज्याला नको त्यानं उपास धरावा." आणि तिसरं, "डबं घासून आना, नायतर खरकट्यातच वाढीन." एवढ्यात मेनू, जाहिरात आणि नियम व अटी सगळं उरकतं.

हे लिहिणारी आमची मंजुळाकाकी. कुरुळीतल्या जुन्या शेतकरी घरातली. शेत होतं तिथं आता कुठल्याशा कंपनीचं गोदाम आहे. त्याच्या कंपाउंडला लागून काकीची खानावळ आणि वरच्या खोल्यांत आम्ही भाडेकरू. मी लातूरकडचा, म्हाळुंग्याच्या एका कंपनीत क्वालिटीला. पहिल्या महिन्यात मी तिला "अहो काकी" म्हणालो तेव्हा तिनं परात खाली ठेवली. "अहोजाहो करायचं आसंल तर हाटेलात जा," म्हणाली. तेव्हापासून अगं-तुगं.

नाव मंजुळा, पण तिनं हाक मारली की गोदामाच्या गेटवरचा सिक्युरिटीवाला शिफ्ट सुटल्याचा भोंगा समजून डबा पिशवीत भरायला लागतो. तिच्या रागाची गिऱ्हाइकं ठरलेली : भात टाकणारे, जेवताना मोबाइल बघणारे आणि "थोडंसंच वाढा" म्हणणारे. एका नव्या इंजिनिअरनं तिला आपलं डाएट समजावून सांगितलं. काकीनं त्याचं मनगट दोन बोटांत धरून साऱ्या खानावळीला दाखवलं. "ह्याला डाएट पायजे! आरं, ह्याला पंख्याखाली बसवू नका, उडून जाईल." तो आता चार भाकरी खातो आणि आणखी मागतो.

मग हायवेला एक नवं किचन निघालं. त्यांचे मेसेज फुलांच्या चित्रांसकट यायचे. "नमस्कार! आज खास आपल्यासाठी, मायेच्या हातची चव!" आमच्यातली काही पोरं तिकडे गेली. काकी वरवर म्हणाली, "जाऊंद्या, गोड खाऊन दातं किडतील." पण त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं. संध्याकाळी तिनं मला बोलावलं.

"तुमच्या कंपनीत म्हनं लिहिनारं मशीन आलंय. आमाला बी लावून दे. पन त्यानं माज्यासारखं बोलाय पायजे. त्या फुलवाल्यांसारखं न्हाई."

कंपनीत आम्हाला एआयचं ट्रेनिंग झालं होतं. टाय लावलेल्या ट्रेनरनं सांगितलं होतं की प्रत्येक धंद्याचा एक 'ब्रँड व्हॉइस', म्हणजे स्वतःचा आवाज असतो, तो मशीनला शिकवावा लागतो. काकीचा ब्रँड व्हॉइस गोदामापर्यंत ऐकू जायचा. मशीनला तो ऐकू जाईना, एवढीच अडचण होती.

पहिला मजकूर आला : "प्रिय खवय्यांनो, चला, वांग्याच्या चविष्ट प्रवासाला निघूया!"

"कुठं निघायचं?" काकी म्हणाली. "वांगं हाय ते. कढईतनं ताटात, संपला परवास."

मी काकीचे जुने मेसेज मशीनला दिले आणि लिहिलं, 'काकीसारखं लिही.' मशीननं नम्रपणे कळवलं की हा स्वर काही ग्राहकांना दुखावू शकतो, 'मुडद्यांनो'ऐवजी "प्रिय निवांत मित्रांनो" चालेल का? मी लिहिलं, बाबा रे, ही शिवी प्रेमाची आहे. त्यावर लगेच उत्तर : "प्रेमळ मुडद्यांनो, आपले डबे घासून आमच्या स्वच्छता चळवळीत सहभागी व्हा!"

काकीनं मग स्वतःच त्याची परीक्षा घ्यायची ठरवली. फोन तोंडाशी धरून ओरडली, "का रं, तुला भूक लागती का?"

मशीन म्हणालं, ते संगणकीय साधन असल्यामुळे त्याला भूक लागत नाही, परंतु जेवणाविषयी मदत करायला ते सदैव तत्पर आहे.

"भूकच न्हाई, आन् निघालंय जेवान सांगायला." मग फोन खाली ठेवत, "पन गुनी हाय. उलटून बोलत न्हाई."

शेवटी मशीननं 'थोडी खट्याळ, तरी आपुलकीची' अशी एक भाषा सुचवली. काकी तोवर कंटाळली होती. "टाक तिकडं," म्हणाली. त्या आठवड्यात ग्रुपवर रोज असलं काहीतरी झळकलं : "ओळखा पाहू, आज कोण तुमची वाट बघतंय? मेथी!" पुढे डोळा मारणारं एक तोंड.

परिणाम ताबडतोब दिसला. पोरं दबक्या आवाजात जेवू लागली. डबे खरकटेच परत यायला लागले. एकानं मला जिन्यात गाठलं. "भावा, खरं सांग, काकीनं खानावळ विकली का?"

शनिवारी मला एक अनोळखी फोन आला.

"नंबर ग्रुपवरून घेतला. मी संदीप. मंजुळाबाईंचा मुलगा. चिंचवडला असतो."

काकीला मुलगा आहे, हे मी इतरांकडून ऐकलं होतं. जमीन गेली तेव्हा मायलेकांत बिनसलं आणि तो बायकोला घेऊन चिंचवडच्या सोसायटीत राहायला गेला. तेव्हापासून येणं-जाणं नाही, बोलणं नाही. पण तो खानावळीच्या ग्रुपमध्ये आहे, हे मला ठाऊक नव्हतं. ग्रुप काकीनंच केलेला, म्हणजे त्याला घातलंही तिनंच असणार. डबा नाही, जेवण नाही, कधी एक अक्षर लिहिलेलं नाही. नुसता रोज सकाळी मेनू वाचत होता.

"आई बरी आहे ना?" त्यानं विचारलं. "आठवडा झाला, ती कुणाला रागावली नाही."

मी सांगितलं, बरी आहे, लिहायला मशीन लावलंय.

"अच्छा. मग ठीक आहे," म्हणाला आणि फोन ठेवला.

मी खाली गेलो. काकी भाकरी थापत होती. फोन कुणाचा होता ते सांगितलं, तसा तिचा हात पिठावर तसाच राहिला.

"काय म्हनला?"

"आई बरी आहे का, म्हणाला."

"मंग तू काय सांगितलंस?"

"बरी आहे म्हणून सांगितलं."

"बरी कशाला सांगितलीस, येड्या!" ती ओरडली. "अंगात जरा कनकन हाय म्हनायला तुजं काय जात व्हतं?"

तिनं पदराला हात पुसले, आपला फोन घेतला आणि मशीनला न विचारता बोलून मेसेज टाकला. "उद्या शेपू हाय. ज्याला शेपू चालत न्हाई त्याला पिठलं करीन. पन पिठलं डब्यात मिळायचं न्हाई. हितं येऊन गरम खायाचं."

आमच्यात शेपू न खाणारा कुणीच नव्हता.

रविवारी दुपारी एक चाळिशीतला माणूस हेल्मेट हातात धरून दारात उभा राहिला. काकीनं चुलीकडून मान न वळवता विचारलं, "डबा का बसून?"

"बसून."

तो भिंतीकडच्या बाकावर बसला. काकीनं ताट मांडलं, पिठलं वाढलं, कांदा फोडून ठेवला. आता ही ह्याला फाडून खाणार म्हणून आम्ही हातातले घास हातातच धरून बसलो होतो. पण तिनं पिठल्याचं पातेलंच पुन्हा उचललं. त्यानं ताटावर हात आडवा धरला आणि "आई, पुरे" म्हणाला. तिनं त्याच्या बोटांवरूनच आणखी एक पळी वाढली.