तुळशीरामकाकांची तहानलेली मोटार

आमच्या तुळशीरामकाकांना गाडीच्या आधी पाणी पिताना कुणी पाहिलेलं नाही. ऊन मी म्हणत असो की घशाला कोरड पडलेली असो, आधी बॉनेट उघडायचं, तांब्या रेडिएटरमध्ये रिता करायचा आणि तळाशी उरलेल्या घोटावर आपलं भागवायचं. एकदा मी तांब्या तोंडाला लावला, तर हातातून ओढून घेतला.

"मास्तर, मुक्या जिवाच्या आधी पेता? लाज नाई वाटत?"

मुका जीव म्हणजे एका गोऱ्या साहेबानं जाताना विकून टाकलेली काळी मोटार. बुलढाण्यात आमची दारं समोरासमोर. त्यामुळे काका धाडच्या बाजाराला निघाले, की धक्का द्यायला आणि पाण्याचा डबा मांडीवर घ्यायला मी हक्काचा. गाडी पेट्रोलपेक्षा पाणीच जास्त प्यायची. पण गळतं म्हणायची सोय नव्हती. "गळत नाई, तिले तहान लागते," काका बजावायचे.

धाडच्या वेशीशी डबा नेमका संपायचा. वेशीलगतच काकांच्या लेकीचं, सुमनचं सासर. तिला अजून मूलबाळ नव्हतं, आणि तोवर लेकीच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही ही काकांची शिस्त. उगाच दारात जाऊन उभं राहावं, तर सासरचे विचारणार, काऊन आले? पण गाडीला कुठली आलीय शिस्त! सुमन बादली आणायची, गाडी पोटभर प्यायची आणि काका कोरड्या घशानं लेकीकडे बघत उभे.

शेवटी माझी मांडी आखडली. मी मिस्त्रीला बोलावलं. त्यानं खाली निजून पाहिलं, वर चढून पाहिलं, पण जमिनीवर एक थेंब नाही. "पानी जाते कुठी बे?" तो डोकं खाजवू लागला.

मग माझं डोकं चाललं. घरातून वाटीभर हळद आणून मी रेडिएटरमध्ये कालवली. गल्लीभर झालं, तुळशीरामच्या गाडीला हळद लागली! बाया जमल्या. एकीनं गाणं धरलं, दुसरी नवरदेव कुठे म्हणून विचारू लागली. इंजिन तापलं आणि सायलेन्सरच्या नळीवर पिवळा डाग उमटला. वरच्या रबरी पाइपाला मागून बारीक चीर होती. तापली की उघडायची, आणि पाणी खाली पडायच्या आत वाफ होऊन जायचं.

मिस्त्रीनं पाइप बदलला. मी छाती फुगवून काकांकडे पाहिलं. "बरं झालं," ते म्हणाले, पण त्या म्हणण्यात जीव नव्हता.

पुढच्या बाजाराला डबा घरीच राहिला. गाडी शहाण्यासारखी धावली. धाडची वेस दिसताच काकांनी ती बाभळीखाली घेतली, उतरले आणि वाकून रेडिएटरची तोटी उघडली. पिवळसर पाणी धो धो मातीत गेलं.

"काका, हे काय करून राह्यले?"

"तिले तहान लागन आता," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

मला एकदम भरून आलं. कोरडं इंजिन चालवायचं नाही, म्हणून उरलेला रस्ता मी गाडी ढकलली.

सुमन बादली घेऊन धावतच आली. पाणी ओतता ओतता बापलेकीचं बोलणं चाललं होतं, कापसाचं, आईच्या गुडघ्याचं. निघताना तिनं नेहमीसारखा तांब्या पुढे केला.

"बाबा, घोटभर तरी घ्या न."

काकांनी बॉनेटवर हात ठेवला.

"तिनं पेलं न, बाई. मंग म्याच पेलो समज."