दोन महिन्यांची मागणी

जगाला समजवायला तीन वाक्यं पुरतात, अशी गुरुजींची खात्री होती. चाळीस वर्षं पोरांच्या गळी भागाकार उतरवलेल्या माणसापुढे जग म्हणजे काय मोठं!

झालं असं, की पर्यावरणाच्या जागतिक परिषदेत यंदा त्यांच्या तळ्याचा विषय निघाला. मासे कमी होत चालले होते. वर्षातले किती महिने जाळी बंद ठेवायची हे परिषदेत ठरणार होतं, आणि स्थानिकांना पडद्यावरून बोलायची मुभा होती. मासेमारांचं म्हणणं साधं होतं: मासे अंडी घालतात ते दोन महिने बंद. त्याहून जास्त बंद म्हणजे घरोघरी उपास. बोलायला निवडली अक्का. मासळीबाजारात रोजचा लिलाव पुकारणारी, गुरुजींचीच जुनी विद्यार्थिनी. गुरुजींनी आठवडाभर तिच्याकडून तीन वाक्यं घोटून घेतली.

वाचनालयाच्या खोलीत अक्का कानाला दुभाष्याचं यंत्र लावून बसली आणि तिन्ही वाक्यं न अडखळता म्हणाली. गुरुजींनी मनातल्या मनात पैकीच्या पैकी गुण देऊन टाकले.

मग पडद्यावरचे प्रतिनिधी आपापलं मत सांगू लागले. एक चष्मेवाले म्हणाले, तीन महिने. दुभाष्याने कानात 'तीन' टाकायचा अवकाश, अक्काचा हात आपसूक वर गेला.

"तीन एकवार! तीनच्या वर कोण?"

तिकडे कुजबुज झाली. स्थानिकांना तीन कमी वाटतात, असा अर्थ निघाला. एका बाईंनी भीतभीत चार सुचवले. अक्काने चार पुकारले, तेव्हा कुणीतरी ओशाळून पाच म्हणालं. गुरुजी टेबलाखालून तिची बाही ओढत होते. तिला वाटलं, गिऱ्हाईक घाई करतंय. सहा झाले, सात झाले, आठ झाले. नवाला अध्यक्षांनी हातोडी आपटली आणि स्थानिकांच्या त्यागापुढे भर सभेत डोळे टिपले.

अक्काने घाम पुसला. "दोनाचे नऊ केले, गुरुजी."

"अगं, महिने होते ते," गुरुजी म्हणाले. "जाळी बंद ठेवायचे."

अक्काने पडद्याकडे पाहिलं. तिथे अजून टाळ्या चालल्या होत्या. दाराबाहेर सगळे मासेमार निकालाची वाट बघत ताटकळले होते.

"त्यांना तुम्हीच सांगा," ती हळूच म्हणाली. "माझा घसा बसलाय."