साबण, कावळा आणि माझा व्हॉल्व

गळणारी वस्तू मला सहन होत नाही! नळ असो, टाकी असो, नाही तर चहाची किटली. एक थेंब चुकीच्या जागी पडला की माझा हात पक्कड शोधायला लागतो. आणि तुम्हाला म्हणून सांगतो, हात धुवायच्या पातळ साबणाचा एकही थेंब गळू न देणारा व्हॉल्व अख्ख्या नाशकात कोणी बनवला असेल, तर तो मी!

म्हणजे जानेवारीतल्या त्या रविवारपर्यंत माझी तशी खात्री होती.

मी उपेंद्र. अंबडला एका कारखान्यात डिझाइनला आहे. बाटल्यांची टोपणं, नोझल, पंप असलं काय काय आम्ही बनवतो. आमचं घर पंचवटीत. घरात पिढ्यान्‌पिढ्या उपाध्येपण, त्यामुळे माझ्या नोकरीला घरात फारसा भाव नाही. वडील, म्हणजे नाना, यजमानांना माझी ओळख करून देतात ती अशी: "हा उपेंद्र. कारखान्यात असतो." जसं काही कोणी मला तिथे ठेवून घेतलंय!

आता मुळात हा व्हॉल्व का बनवला, ते सांगतो. आमच्या मागच्या पडवीत एक बेसिन आहे. यजमान रामकुंडावरून विधी आटोपून येतात, ते तिथे हात धुतात. हाताला पीठ, तीळ, तूप. साबणाची वडी दोन दिवसांत तिळाच्या वडीसारखी दिसायला लागायची. म्हणून बाजारातून भिंतीवरचा डिस्पेन्सर आणला. पण आमचे यजमान बहुतेक शेतकरी, दणकट हातांचे. एका दणक्यात पाव बाटली साबण बेसिनमध्ये! शिवाय थेंब गळत राहायचे ते वेगळंच. एकदा नाना सोवळ्यात त्या थेंबांवरून जे घसरले, ते दोरीवरचं वाळत घातलेलं धोतर हातात आलं म्हणून वाचले.

त्याच संध्याकाळी मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

माझी युक्ती साधी होती. हाताने काही दाबायचंच नाही. बाजूला एक दांडी, ती कोपराने ढकलायची. म्हणजे सोवळंही सांभाळलं जातं. दांडी ढकलली की आत एक स्प्रिंग ताणली जाते आणि अडकते. मग ती स्प्रिंग आपल्या वेगाने एका रबरी फुग्याला दाबते, आणि फुग्याच्या खालची रबरी चोच उघडून साबण बाहेर येतो. माणसाने कितीही जोर लावो, साबण दाबणार स्प्रिंगच. त्यामुळे पैलवान असो की पोर, माप तेवढंच! फुगा रिकामा झाला की चोच घट्ट मिटते. थेंब गळायची काय बिशाद!

"म्हणजे माणूस दाबतो स्प्रिंगला आणि स्प्रिंग दाबते साबणाला?" बायकोने, स्वरदाने, विचारलं.

"बरोब्बर!"

"आमच्या ऑफिसातही कामं अशीच होतात," ती म्हणाली. "म्हणूनच उशिरा होतात."

मी दुर्लक्ष केलं. कारखान्यात चाचणी झाली होती. दांडी ढकलली की लगेच साबण! आमच्या मशिनांच्या शेजारी बारा महिने उन्हाळा असतो, ही गोष्ट तेव्हा माझ्या डोक्यात आली नाही. शनिवारी रात्री मी डिस्पेन्सर नळाच्या वर भिंतीला ठोकला आणि अभिमानाने झोपलो.

रविवारी सकाळी अशी थंडी पडली, की निफाडकडे द्राक्षवाल्यांनी बागेत शेकोट्या पेटवल्याची बातमी आली. आमच्या पडवीत तर खोबरेल तेलाची बाटली उलटी धरली तरी तेल हलत नव्हतं.

त्या दिवशी चांदवडहून यजमान आले होते. सावळीराम आबांचं वर्षश्राद्ध. आबांची बायको कुसाबाई, मुलगा समाधान आणि सून हर्षाली. नदीवरचे विधी आटोपून मंडळी घरी आली, तेव्हा मी बेसिनपाशी सज्ज उभा होतो. समाधानराव हात पुढे करून आले. मी कोपर कसं लावायचं ते दाखवणार, एवढ्यात नानांनी हाक मारली, "उपेंद्र! हे पान गच्चीवर ठेव. कावळा शिवला की सांग."

आयुष्यातल्या पहिल्या प्रात्यक्षिकाच्या वेळी मी गच्चीवर कावळ्याची वाट बघत उभा!

आणि कावळा शिवेना. पानात वडे होते, खीर होती, गरम भाताची मूद होती. शेजारच्या डिश अँटेनावर कावळेही होते. पण एक जण खाली बघायला तयार नव्हता. कावळा शिवल्याशिवाय कोणी जेवायचं नाही, हा नियम. खाली आई आणि स्वरदा वडे झाकून बसलेल्या. मंडळी एकेक करून गच्चीवर आली.

"आबा, विहिरीची मोटर दुरुस्त करतो!" समाधानराव हात जोडून म्हणाले.

कावळ्याने पंख खाजवले.

"आबा, तुमच्या गाईला कधी इकणार नाय!" हर्षाली म्हणाली.

कावळ्याने पाठ फिरवली.

कुसाबाई मात्र नानांना म्हणाल्या, "गुरुजी, ते माझ्यावरच रागावल्यात. गेले त्या दिशी सकाळी दुसऱ्यांदा च्या मागितला व्हता. म्या म्हनलं, आत्ता नाय, कांदे भरायचेत. दुपारी तर गेलेच. वरीस झालं, तो च्या काय माझ्या मनातनं जात नाय." आणि पदर डोळ्यांना लावला.

नाना हळू आवाजात म्हणाले, "कुसाबाई, कावळा नाही आला तर दर्भाचा करता येतो. शास्त्रात सोय आहे."

"गवताचा कावळा नगं गुरुजी," त्या म्हणाल्या. "मला त्यांचंच काय ते कळाया पायजे."

तोंड धुवायला त्या खाली गेल्या. मागोमाग मीही. हर्षालीने पुढे होऊन कोपराने दांडी ढकलली. काही नाही! पुन्हा ढकलली. काही नाही!

"आत्याबाई, साबण संपला वाटतं. मघाशी यांनाबी नाय मिळाला," ती म्हणाली आणि टॉवेल आणायला वळली.

साबण काठोकाठ भरला होता, मी स्वतः भरला होता! आणि तेव्हा माझ्या डोक्यात लखकन प्रकाश पडला. थंडी! थंडीने साबण खिरीसारखा घट्ट झाला होता आणि चोच ताठरली होती. स्प्रिंग बिचारी ढकलत होती, पण साबण आपल्या सवडीने येणार होता.

कुसाबाईंनी पाण्यासाठी नळाखाली ओंजळ धरली. आजूबाजूला कोणी नाही, दांडीला कोणाचा हात नाही. आणि वरून अलगद, मापात, साबणाचा गोळा त्यांच्या ओंजळीत पडला!

"अगं बाई! कुनी दिला?"

कोणीच दिला नव्हता. कुसाबाई ओंजळीकडे बघत राहिल्या आणि एकदम म्हणाल्या, "हेच! दुसरं कोन? मागितलं तवा द्यायचं नाय, आन् पाठ फिरली का गुपचूप हातावर ठेवायचं! अख्खा संसार असाच केला मानसानं. लुगडं मागितलं तर सहा म्हयने नाय म्हनले, आन् मंग आपसूक उशाला ठेवलेलं!"

समाधानराव धावत आले. "आबा? व्हय, मलाबी द्या!" त्यांनी कोपर मारलं. काही नाही. मग नोझलखाली मान घालून, आत काय आहे ते बघायला वर तोंड केलं. मी "नको, नको!" म्हणेपर्यंत गोळा त्यांच्या मिशीवर!

"आबाच!" मिशी पुसत ते ओरडले. "लहानपनी आसंच टपली मारायचे!"

पुढच्या पाच मिनिटांत माझ्या डिस्पेन्सरला हळद-कुंकू लागलं. हर्षालीने दांडीला झेंडूचं फूल अडकवलं. आई स्वयंपाकघरातून निरांजन घेऊन आली! मी म्हणत होतो, "अहो, त्यात स्प्रिंग आहे, ही चोच आहे ना, तिला..." तर कुसाबाई माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "बाळा, यंत्र तुझं हाये, पन हात त्यांचा हाये."

चार महिने मी खपलो आणि श्रेय आबांना!

तेवढ्यावर थांबलं असतं तरी बरं होतं. पण समाधानरावांना हुक्की आली. हात जोडून ते म्हणाले, "आबा, वरच्या वावरात द्राक्ष लावू का?"

सगळे नोझलकडे बघत राहिले. दांडी कोणी ढकललीच नव्हती, मग साबण कुठून येणार?

"का कांदाच ठेवायचा?" हर्षालीने विचारलं, आणि विचारता विचारता दांडीवरचं घसरलेलं फूल नीट केलं. फुलाबरोबर दांडीही सरकली, हे फक्त मला दिसलं. थोडा वेळ गेला आणि टप्!

"बघा! कांदा!" हर्षाली टाळी वाजवून म्हणाली.

"हॅ! कसला कांदा!" समाधानराव भडकले. द्राक्षाची रोपं त्यांनी बहुतेक सांगून ठेवली असावीत. "आबा-बिबा काय नाय. हे यंत्रच बिघडलेलं हाये!"

कुसाबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. यंत्र बिघडलेलं असेल, तर मघाचा त्यांच्या ओंजळीतला साबणही बिघाडच! त्या माझ्याकडे वळल्या. डोळ्यांत पाणी थांबलेलं.

"बाळा, तू केलंस ना हे? खरं सांग. बिघडलंय का?"

नाना दारात उभे राहून माझ्याकडे बघत होते. तुम्हाला सांगतो, मी अगदी खरं सांगणार होतो. इंजिनिअर माणूस, खोटं कसं बोलणार? थंडी, घट्ट साबण, ताठरलेली चोच, सगळं जिभेवर आलं होतं. मी तोंड उघडलं...

"बिघडलेलंच हाये!" समाधानराव मध्येच म्हणाले. "कुनी बनवलं आसलं? आमच्या चांदवडच्या बाजारात शंभर रुपयाला याच्यापेक्षा बरं मिळतं!"

शंभर रुपयाला! माझी कानशिलं तापली.

"बिघाड?" मी ओरडलो. "माझ्या व्हॉल्वमध्ये? शक्यच नाही! कारखान्यात हजार वेळा दाबून बघितलाय! माप बघा, गळती बघा! यात काडीचाही बिघाड नाही!"

"मग झालं तर," कुसाबाई म्हणाल्या.

एवढंच म्हणाल्या. पण वर्षभराचं ओझं खाली ठेवावं तसा मोठा श्वास सोडला, आणि डोळे पुसून हसल्या. मी आपला तोंड उघडं टाकून उभा! मी काय बोलून बसलो होतो, ते मला आत्ता कळत होतं.

समाधानरावांनी आणखी एक प्रश्न विचारायला हात जोडले, तेव्हा नाना खणखणीत आवाजात म्हणाले, "पुरे! एका श्राद्धाला एवढंच विचारायचं असतं. चला, पानं वाढली आहेत."

असं कुठल्या शास्त्रात आहे, ते मी अजून नानांना विचारलेलं नाही. मंडळी पोटभर जेवली. कुसाबाईंनी तर वडे मागून घेतले आणि जेवणानंतर चहा मागितला. दोन कप मागितले. एक त्यांनी घेतला आणि दुसरा बेसिनच्या कट्ट्यावर ठेवला. त्या कपाला आम्ही कोणी हात लावला नाही. मी गच्चीवर गेलो तर पानातले वडे गायब होते. माझा संशय शेजारच्या मांजरावर आहे.

गाडी चांदवडला निघून गेल्यावर नानांनी मला विचारलं, "थंडीनं होतंय ना ते?"

मी उडालोच. "तुम्हाला माहीत होतं?"

"अरे, पहाटे मीच पहिला दाबला. संध्या आटोपून आलो तेव्हा आला."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुमच्या कारखान्यात असंच करतात."

मी मान खाली घातली. "उद्याच चोच मऊ रबराची करतो, नाना."

उद्याचं मग राहूनच गेलं. कारखान्यात काम वाढलं आणि त्यातच मार्च लागला. ऊन तापलं, साबण पातळ झाला, आणि माझा व्हॉल्व काय चालायला लागला म्हणता! दांडी ढकलली की लगेच साबण. माप अचूक, एक थेंब गळत नाही. घोटीचे यजमान येऊन गेले, मालेगावचे येऊन गेले. कोणाची तक्रार म्हणून नाही. आता तरी नाना चार शब्द बोलतील, म्हणून मी रोज पडवीत घुटमळत होतो.

आणि परवा नानांनी खरंच मला हाक मारली. बेसिनपाशी उभे होते, चेहरा गंभीर.

"उपेंद्र, ते तुझं साबणाचं बिघडलंय रे."

"बिघडलंय? काय झालं?"

"दाबलं की लगेच येतं. काल कुसाबाईंचं ऐकून आलेली एक म्हातारी अर्धा तास हात जोडून उभी होती, फार हिरमुसून गेली. रविवारी नीट कर बुवा."

रविवार उद्या आहे. साबणाची बाटली मी आत्ताच फ्रिजमध्ये ठेवून आलोय. स्वरदाला अजून दिसलेली नाही!