बुगडी बाहेर गेली तेव्हा

सावरखिंडीतल्या कोंबड्या अंगणाबाहेर पडण्याआधी हालचाल नोंदवहीत पाय उठवतात. गेली तीन वर्षं हे असंच चाललं आहे.

त्याआधी गावात नुसती भांडणं होती. कोणाची कोंबडी कोणाच्या कोथिंबिरीत शिरली, कोणी कोणाच्या गवतात अंडं घातलं, यावरून सख्ख्या जावा एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. शेवटी विषय ग्रामसभेत आला. शाळेत छापील नोंदवह्यांचा एक गठ्ठा पडून होता, तो ग्रामसेवक माळवदे यांनी घरोघर वाटला. नाव, कुठे जाणार, कामाचे स्वरूप, जाण्याची वेळ, परतल्याची वेळ. कोंबडीने सांगायचं, घरच्यांनी लिहायचं, आणि जाताना-येताना कोंबडीने शाईच्या पॅडवर पाय टेकवून तो समोरच्या रकान्यात उठवायचा. कोंबड्यांनी ते मान्य केलं. मुळात त्या मोजकंच बोलतात, आणि बोलतात तेही कामाचं.

एक चूक मात्र राहून गेली. नोंदवही शिक्षकांसाठी छापलेली असल्यामुळे प्रत्येक पानाच्या तळाशी एक टीप होती: ‘कर्मचारी कामानिमित्त बाहेर असताना, परतल्याची नोंद होईपर्यंत, त्याच्यावर कोणतीही कारवाई करता येणार नाही.’ ही ओळ खोडायचं कोणाला सुचलं नाही. ग्रामसभेने वही जशीच्या तशी मंजूर केली, म्हणजे टीपही मंजूर झाली. तिचा गैरफायदा आजवर एकाही कोंबडीने घेतला नव्हता. दुसऱ्या दिवशी रस्सा व्हायचा आहे हे ठाऊक असलं तरी दिवेलागणीला त्या परत येत, पाय उठवत आणि खुराड्यात जात. माणसांबद्दल असं छातीठोकपणे सांगता येत नाही. पण कोंबड्यांचं तसं होतं.

इंदुबाई खराडे यांच्याकडे तीन कोंबड्या होत्या. एक अंड्यांवर बसलेली, एक पिलांची आई, आणि तिसरी बुगडी. तिच्या कानाच्या पाळ्या पांढऱ्याशुभ्र होत्या, मोत्याच्या बुगड्या घातल्यासारख्या, म्हणून हे नाव. बुगडीने पाच महिन्यांत एकही अंडं दिलं नव्हतं.

इंदुबाईंची एकुलती एक लेक नीलम लग्न होऊन कराडला गेली, त्याच आठवड्यात बुगडी पिलू म्हणून घरात आली होती. तेव्हा घर खायला उठायचं. इंदुबाईंचे यजमान रंगराव माणूस चांगला, पण दिवसाला दहा शब्द बोलले तर त्या दिवशी त्यांना ताप आहे की काय असं वाटायचं. अशा घरात ते पिलू पायात पायात करायचं, चुलीशेजारच्या पाटीत झोपायचं. इंदुबाईंचा तिच्यावर फार जीव होता. हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण सगळ्या भावकीत कोंबडीच्या रश्शाला त्यांच्या हाताचं नाव होतं.

शुक्रवारी नीलमचा फोन आला. रविवारी ती आणि जावई येणार होते.

जावई संग्रामराव दीड वर्षात या घराची पायरी चढले नव्हते. मागच्या खेपेला आले ते गप्प, जेवले ते गप्प आणि गेले तेही गप्प. त्या दिवशी घरात अंड्याची आमटी होती. जावयाला आमटीवर भागवलं म्हणूनच त्यांना राग आला, हे रंगरावांनी मनाशी पक्कं धरलं होतं आणि ते त्यांना दीड वर्ष टोचत होतं. लेक सणालासुद्धा एकटी यायची आणि दुसऱ्या दिवशी निघायची. या खेपेला काही झालं तरी गावरान कोंबडी, असं त्यांनी जाहीर केलं. इंदुबाईंनी दुकानातल्या ब्रॉयलरचं नाव काढून पाहिलं. जावयाला ब्रॉयलर घालण्यापेक्षा फाट्यावरूनच परत पाठवलेला बरा, असं उत्तर मिळालं. अंड्यांवरची उठवता येत नव्हती, पिलांची आई कापता येत नव्हती. उरली बुगडी.

शनिवारी संध्याकाळी बुगडीने परत येऊन पाय उठवला. रंगराव सुरीला धार लावायला लोहाराकडे गेले, तशा इंदुबाई तिच्यापुढे उकिडव्या बसल्या.

“बुगडे, उद्या उजाडायला भाईर पड. आन् पावणं जाईस्तवर येऊ नगंस.”

बुगडीने मान तिरकी केली. “काम काय लिहायचं?”

“काय बी लिहिते मी.”

“काय बी, असं काम नसतं,” बुगडी म्हणाली.

मग दोघी कामं शोधायला बसल्या. किडे वेचण्यात फार तर दोन तास जातात. मातीत लोळणं अर्ध्या तासाचं. शेजारच्या अंगणात सहज डोकावणं कामात धरत नाहीत. इंदुबाई म्हणाल्या की आपण दिवसभराचे किडे लिहू, कोण मोजायला येतंय. बुगडीला ते पटलं नाही. खोटंच लिहायचं तर वही कशाला, एवढंच ती म्हणाली. इंदुबाईंना तिचा असा राग आला की विचारू नका. जीव जायची वेळ आली तरी हिला रकाना नीट हवा. आणि राग सरल्यावर त्यांना रडू आलं. पदराने डोळे पुसत त्या तशाच बसून राहिल्या.

बुगडीने विचारलं, “फाट्यावर कोण जाणार आहे?”

फाटा गावापासून दोन मैल. रंगरावांचा गुडघा धरलेला, इंदुबाई चुलीपाशी अडकलेल्या. जायला कोणी नव्हतं, मागच्या वेळीही नव्हतं.

“मग ते काम आहे,” बुगडी म्हणाली.

रविवारी सहा वाजता इंदुबाईंनी नोंद केली. कुठे जाणार: फाटा. कामाचे स्वरूप: पाहुण्यांना घेऊन येणे. बुगडीने पाय उठवला आणि ती रस्त्याच्या कडेने चालू लागली.

आठ वाजता रंगराव धार लावलेली सुरी घेऊन अंगणात आले. त्यांनी खुराडं पाहिलं, मग वही वाचली, आणि दुखऱ्या गुडघ्याने तडक ग्रामसेवकाच्या घरी गेले. माळवदे दाढी करत होते. अर्ध्या दाढीनिशीच त्यांनी वहीचं पान दोनदा वाचलं. रविवार सुट्टीचा वार, तेव्हा कोंबडी कामावर कशी, असं रंगरावांचं म्हणणं होतं. माळवदे म्हणाले की काम खरं असलं आणि नोंद झाली की वार बघत नाहीत. आणि परतली म्हणजे नुसती अंगणात दिसली असं नव्हे, परतल्याच्या रकान्यात पाय उठला पाहिजे. तोवर तिला हात लावता येणार नाही. शेजारची एखादी मिळेल का म्हणून रंगराव चार घरं हिंडले. पण नऊ वाजता सावरखिंडीत एकही कोंबडी आत नसते. सगळ्या नोंद करून गेलेल्या होत्या.

घरी आल्यावर ते ओसरीवर बसून राहिले. घरात काय शिजतंय ते त्यांनी विचारलं नाही. इंदुबाईंनी अख्खा मसूर चढवला होता. फोडणी देता देता त्या दोनदा दारात जाऊन आल्या, कारण बुगडी वाचली तर लेकीचं माहेर तुटतंय आणि माहेर जपावं तर बुगडी जाते, असा तो दिवस होता.

साडेअकराला गल्लीतली माणसं आपापल्या दारात येऊन उभी राहिली. पुढे बुगडी चालत होती, मान वर करून, घाई न करता. मागे बॅगा घेतलेले संग्रामराव आणि नीलम. बुगडी वळणावर थांबायची, दोघं आल्याची खात्री करायची आणि मग पुढे निघायची.

अंगणात आल्यावर संग्रामरावांनी वाकून नमस्कार केला. त्यांचा चेहरा असा मोकळा रंगरावांनी लग्नानंतर पाहिला नव्हता.

“मामा, मागच्या बारीला फाट्यावर कुणीच नव्हतं,” ते म्हणाले. “नवा जावई, आन् स्वतःच्या हातानं बॅगा वढत सगळ्या गावातनं आलो. लोक बघत हुते. लई लागलं हुतं मनाला. आज ही यष्टीच्या आदी यिऊन हुबी हुती.”

 दीड वर्ष रंगराव आमटीला दोष देत होते.

तेवढ्यात बुगडी उंबऱ्याकडे गेली. काम झालं होतं, नोंद करायची राहिली होती. वही उघडीच होती, शेजारी शाईचं पॅड. इंदुबाई चुलीपाशी उभ्या राहिल्या.  बुगडीने पाय उचलला.

रंगराव उठले, गुडघा सांभाळत वाकले आणि त्यांनी पॅड उचललं. अंगठ्याने दाबून पाहिलं. अंगठा जांभळा झाला.

“वाळलीया शाई,” ते म्हणाले. “तालुक्याला गेलो की आणतो.” आणि पॅड त्यांनी फडताळात सगळ्यात वरच्या फळीवर, डब्यांच्या मागे ठेवून दिलं.

बुगडीने उचललेला पाय खाली टेकवला. “म्हणजे मी अजून बाहेर आहे,” ती म्हणाली.

“भाईरच,” रंगराव म्हणाले.

जो आणायला जातो तो पाहुण्यांच्या पंगतीला बसतो, ही गावची रीत. त्याप्रमाणे बुगडीला संग्रामरावांशेजारी पाट मांडला. संग्रामरावांनी अख्खा मसूर तीनदा मागून घेतला आणि दिवाळीला चार दिवस राहायला येतो म्हणाले. नीलम आईकडे बघून हसली.

त्याला आता आठ महिने झाले. रंगराव तालुक्याला सात वेळा जाऊन आले. गुडघ्याचं तेल आणलं, बियाणं आणलं, एकदा बुगडीसाठी बारीक बाजरी आणली. शाई दर वेळी राहून गेली.

मार्चमध्ये माळवदे नोंदवह्यांच्या वार्षिक तपासणीला आले. ओसरीवर बसून त्यांनी खराड्यांची वही पहिल्या पानापासून वाचली आणि त्या नोंदीपाशी थांबले. बुगडी त्यांच्या चपलांवर बसून झोपली होती. माळवद्यांनी तिच्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, आणि शेवटच्या रकान्यासमोर लाल पेनाने ‘अद्याप परतलेली नाही’ असा शेरा लिहून खाली सही केली.

मग त्यांनी चपला हव्या होत्या म्हणून इंदुबाईंना तिला जरा उचलायला सांगितलं. इंदुबाईंनी तिला उचललं, छातीशी धरलं आणि साहेबांना चहा घेणार का म्हणून विचारलं.